रीमा सगळ्यांना हवी, आबेल कुणालाच नको

लंडनच्या हाइड पार्कात पक्ष्यांसाठी राखलेल्या एका कोपऱ्यात पोर्टलंडच्या दगडात कोरलेली एक तरुणी आहे. मान मागे टाकलेली, हात उंचावलेले, भोवती पाखरं. जेकब एपस्टाइनने घडवलेलं हे शिल्प डब्ल्यू. एच. हडसन या निसर्गलेखकाचं स्मारक आहे. पण त्यावर हडसनचा चेहरा नाही, त्याच्या कादंबरीतली रीमा आहे. १९ मे १९२५ रोजी पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं आणि गहजब उडाला. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. शिल्प हलवा म्हणून नामवंतांच्या सह्यांचं पत्र निघालं, त्यात आर्थर कॉनन डॉइलही होते. नोव्हेंबरात कुणीतरी त्यावर हिरवा रंग फासला. बर्नार्ड शॉ शिल्पकाराच्या बाजूने उभे राहिले. शिल्प हललं नाही.

कला म्हणून या शिल्पाबद्दल कुणाचं काहीही मत असो, हा तंटा वाचकांचाही होता. 'ग्रीन मॅन्शन्स' वाचलेल्यांच्या मनात एक नाजूक, चपळ, पाखरासारखी रीमा बसली होती आणि दगडातली ही रुंद हाडाची बाई त्यांना ती वाटेना. १९०४ साली लंडनच्या डकवर्थने छापलेली ही जंगलातली प्रेमकथा आज १२० वर्षांहून जुनी झाली. तिच्या वाचकांचा इतिहास तपासायला बसलं की पहिल्यांदा जाणवतं ते हेच, की प्रत्येक पिढीने रीमाला पुस्तकातून उचललं आणि आपल्यासोबत नेलं. गोष्ट सांगणाऱ्या आबेलला मात्र प्रत्येकाने मागे सोडलं. माझ्या मते पुस्तकाचा खरा गाभा त्या मागे राहिलेल्या माणसापाशी आहे.

कथा थोडक्यात अशी. आबेल हा कराकासचा सुखवस्तू तरुण. सरकार उलथण्याचा कट फसतो आणि तो जीव वाचवायला ओरिनोको नदीपलीकडच्या रानात पळतो. सोन्याच्या आशेने भटकत तो रूनी नावाच्या म्होरक्याच्या वस्तीत येऊन राहतो. जवळच एक देखणं रान आहे, पण तिथे ही माणसं शिकारीला जात नाहीत. तिथे एक भुताची पोर आहे, म्हणतात. आबेल जातो. आधी पाखराच्या आवाजासारखी एक शीळ ऐकू येते, मग कुणीतरी आपल्या मागे मागे चालतंय असं वाटत राहतं, आणि पुष्कळ उशिरा रीमा दिसते. न्यूफ्लो नावाच्या म्हाताऱ्यासोबत ती राहते. तिचं मूळ शोधायला तिघं रिओलामाच्या डोंगरापर्यंत जातात; तिच्या आईची माणसं आता उरलेली नाहीत, हे तिथे कळतं. आबेलवर मन जडलेली रीमा घर मांडायला एकटीच पुढे परत निघते. रान आता मोकळं झालं असं समजून रूनीची माणसं तिथे शिकारीला शिरलेली असतात. ही माणसं तिला एका मोठ्या झाडावर गाठतात आणि झाडाखाली आग लावतात.

अनेकांच्या आठवणीत कादंबरी इथेच संपते, पण पुस्तक पुढे चालू राहतं. आबेल सूड घेतो. रूनीचा वैरी असलेल्या मानागाच्या टोळीला तो चिथावतो आणि ज्या वस्तीने त्याला अन्न आणि आसरा दिला ती सगळी वस्ती कापून काढवतो. क्वा-को हा तिथला त्याचा दोस्त. त्याला तो स्वतःच्या हाताने मारतो. त्या वस्तीत क्ला-क्ला नावाची एक म्हातारी आहे, आबेलवर माया करणारी. कत्तलीत तीही मरून पडलेली त्याला दिसते. मग रानात एकटा राहून तो वेडाच्या काठापर्यंत जातो, रीमाची राख आणि हाडं गोळा करतो, स्वतः घडवलेल्या मडक्यात भरतो आणि ते घेऊन किनाऱ्यावरच्या जॉर्जटाउनला पोचतो. तिथे तो लोकप्रिय, सुसंस्कृत गृहस्थ म्हणून उरलेलं आयुष्य काढतो. ही सगळी हकीगत त्यानेच एका इंग्रज मित्राला सांगितलेली आहे. तिला दुसरा साक्षीदार नाही.

पहिल्या वाचकांना यातलं फारसं काही खुपलं नाही. त्यांना भाषा भावली. डकवर्थसाठी हस्तलिखितं वाचणारा एडवर्ड गार्नेट हडसनच्या पाठीशी ठाम उभा राहिला, जोसेफ कॉनरॅडला त्याच्या अकृत्रिम गद्याचं अप्रूप होतं. खपाचं नशीब मात्र अमेरिकेत उघडलं. १९१६ साली आल्फ्रेड क्नॉफ या नव्या प्रकाशकाने जॉन गॉल्सवर्दीच्या प्रस्तावनेसह आवृत्ती काढली आणि ती तडाख्याने खपली. लंडनमध्ये वर्षानुवर्षं ओढगस्तीत काढलेल्या हडसनला म्हातारपणी पैसा दिसला तो या पुस्तकामुळे. गॉल्सवर्दीने वाचकांना एक वाटही आखून दिली: माणसाच्या मनाला परिपूर्ण प्रेमाची आणि सौंदर्याची जी ओढ असते, तिची ही कहाणी. ही वाट इतकी रुळली की पुढची कित्येक वर्षं लोक रीमाकडे व्यक्ती म्हणून न पाहता कल्पना म्हणून पाहत राहिले. प्रस्तावना मनापासून लिहिलेली आहे, पण तिने पुस्तकाचं नुकसानही केलं. कल्पना जळाली तर वाईट वाटतं. माणूस जाळला तर प्रश्न विचारावे लागतात.

पक्षिप्रेमी वाचकांची परंपरा याहून वेगळी आणि मला जवळची. हडसनचा जन्म १८४१ साली ब्वेनोस आयरेसजवळच्या पंपास मैदानातला, आईवडील अमेरिकन. पोरवयापासून तो पाखरांमागे हिंडला. १८७४ साली इंग्लंडला आला आणि परत कधी गेला नाही. बायकांच्या टोप्यांसाठी बगळ्यांची कत्तल चालू होती त्या काळात त्याने पिसांच्या धंद्याविरुद्ध पत्रकं लिहिली. १८८९ साली निघालेल्या पक्षिसंरक्षण संस्थेच्या सुरुवातीच्या खंद्या कार्यकर्त्यांत तो होता. त्या संस्थेला राजमान्यता मिळाली १९०४ साली, म्हणजे ही कादंबरी निघाली त्याच वर्षी. परदेशी पिसांच्या आयातीला बंदी घालणारा ब्रिटिश कायदा १९२१ साली झाला; पुढच्याच वर्षी हडसन वारला. हे ठाऊक असलेल्या वाचकाला रीमाच्या रानातला शिकारबंदीचा नियम लेखकाच्या सगळ्या आयुष्यातून आलेला दिसतो.

तो नियम पुस्तकात कसा येतो ते जवळून बघण्यासारखं आहे. आबेलला रानात एक पोवळा साप दिसतो. तो मारायला दगड उचलतो आणि रीमा आडवी येते, त्याच्यावर रागावते, साप तिच्या पायाशी येऊन शांत होतो. आबेल तिचा हात धरायला झेपावतो आणि त्याच क्षणी सापाचा दंश त्याला होतो. तिच्या रानात येऊन पहिलं काम तो करतो ते मारायला दगड उचलण्याचं, दुसरं तिला पकडण्याचं. दंश झाला तो दुसऱ्याबद्दल. हडसनने हे कुठेही समजावून सांगितलेलं नाही. दुसरीकडे न्यूफ्लो तिच्या धाकाने कंदमुळं खाल्ल्याचं दाखवतो आणि तिची पाठ वळली की कुत्र्यांना घेऊन लांब जातो, चोरून मांस भाजून खातो. त्या म्हाताऱ्याचा चट्टामट्टा इतका खरा उतरला आहे की कादंबरी कृत्रिम वाटते म्हणणारे वाचकसुद्धा न्यूफ्लोची बाजू घेतात. मीही घेतो.

जंगलाच्या वर्णनाबद्दल एक आक्षेप जुना आहे आणि खरा आहे: हडसनने हे जंगल कधी पाहिलंच नव्हतं. तो वाढला गवताळ मैदानात. व्हेनेझुएला आणि गयानाचं रान त्याने प्रवासवर्णनांतून उभं केलं. म्हणून काही जाणकार वाचकांना त्यातला उजेड, मोकळ्या पायवाटा आणि पाखरांची सहज भेट इंग्लंडच्या वनराईतली वाटते. मला यात मोठा दोष दिसत नाही, कारण कानाने टिपलेलं जे आहे ते अस्सल आहे. ज्याने आयुष्यभर पाखरं ऐकली त्यालाच न दिसणाऱ्या आवाजाचा पाठलाग इतका लांबवता येतो. सुरुवात रेंगाळते अशी तक्रार करणाऱ्या वाचकांना मी एवढंच म्हणेन की ते रेंगाळणं म्हणजे कान लावून उभं राहणं आहे.

१९४६ साली कार्लोस बेकर या अमेरिकन अभ्यासकाने एक मुद्दा मांडला, तो आपल्याकडच्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. 'ग्रीन मॅन्शन्स'चा आराखडा लेडी मॉर्गन म्हणजे सिडनी ओवेन्सन या आयरिश लेखिकेच्या 'द मिशनरी' या १८११ सालच्या कादंबरीवर बेतलेला आहे, असं त्याने दाखवलं. ती कादंबरी घडते हिंदुस्थानात. हिलॅरियन हा पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक लिस्बनहून गोव्याला येतो, तिथून धर्मप्रसारासाठी काश्मीरला जातो आणि लक्षिमा नावाच्या ब्राह्मण पुजारिणीच्या प्रेमात पडतो. काश्मीरच्या वनराईत त्यांच्या भेटी होतात. पुढे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, त्याला पकडतं. शेवट गोव्यात: त्याला जाळण्यासाठी चिता पेटलेली, आणि भ्रमिष्ट झालेली लक्षिमा ती आपल्या सतीची चिता समजून तिच्याकडे धावते. कवी शेली या पुस्तकावर लुब्ध होता. १८५७च्या उठावानंतर, १८५९ साली ती कादंबरी नव्या रूपात पुन्हा निघाली.

बाहेरून आलेला पुरुष, निसर्गात एकट्याने वाढलेली पवित्र मुलगी, तिचं प्रेम, आणि आग. गोव्याच्या चौकातली चिता ओरिनोकोच्या रानात झाडाखाली पेटलेली पाहिली की रीमाच्या मरणाकडे बघण्याची नजर बदलते. युरोपीय वाचकाला दूरदेशीच्या मुलीवर प्रेम करायचं असतं आणि मग ती ज्वाळांत संपलेली पाहून रडायचंही असतं. या साच्यात हिंदुस्थान आणि दक्षिण अमेरिका सहज एकमेकांच्या जागी बसतात. हडसनने साचा घेतला हे मान्य करूनही मी त्याच्या बाजूने एक गोष्ट नोंदवीन. 'द मिशनरी'त जाळणारे इन्क्विझिशनचे लोक आहेत, अत्याचारी सत्ता आहे. हडसनने आग लावण्याचं काम रानातल्या माणसांकडे दिलं, पण त्याहून मोठं हत्याकांड नायकाच्या हातून घडवलं. हा बदल त्याचा स्वतःचा आहे.

स्त्रीवादी नजरेने वाचणाऱ्यांनी रीमाला धारेवर धरलं, ते योग्यच होतं. ती सतरा वर्षांची. कोळ्याच्या धाग्यांनी विणलेला झगा घालते. तिची पाखरांची बोली आबेलला कळत नाही आणि ती शिकण्याची तसदीही तो घेत नाही. ती त्याला जितकी अगम्य तितकी हवीशी. घरात न्यूफ्लोसमोर ती मलूल, बुजरी पोर असते आणि रानात गेली की उजळून निघते. एकाच मुलीची ही दोन रूपं हडसनला दिसली, याचं श्रेय त्याला द्यायला हवं. तरी तिची स्वतःची इच्छा पुस्तकात एकदाच पूर्ण ताकदीने बोलते. यतायोआ डोंगराच्या माथ्यावर आबेल तिला जगाचा भूगोल ऐकवत असतो. डोंगर, नद्या, दूरची शहरं. ऐकता ऐकता त्याच्या तोंडून रिओलामा हे नाव निघतं आणि तिला कळतं की आपलं खरं नाव त्या जागेवरून पडलं आहे. त्या क्षणापासून ती कुणाचं ऐकत नाही, म्हाताऱ्याला फैलावर घेते, प्रवासाला भाग पाडते. आपल्या माणसांचा शोध घेणारी ही मुलगी प्रेमकथेपेक्षा मोठी आहे. प्रेमकथेने तिला पुन्हा लहान केलं.

सगळ्यात कडक आक्षेप आजच्या वाचकांचा आहे: रानातल्या माणसांचं चित्रण. हा आक्षेप टाळून या पुस्तकावर बोलूच नये. आबेलच्या तोंडी त्यांच्याबद्दल सतत तुच्छतेची भाषा आहे. ते कपटी, आळशी, क्रूर. या प्रदेशात पेमोन, माकुशी असे लोक आजही राहतात. त्यांच्या जगण्याचं, भाषेचं, दुःखाचं या कादंबरीत जवळजवळ काही नाही. आपल्याकडे 'जैत रे जैत' वाचलेल्याला हा फरक चटकन कळेल. गो. नी. दांडेकरांचे ठाकर आपल्या श्रद्धेने, आपल्या हट्टाने, आपल्या बोलीत जगतात. कथा त्यांची असते. हडसनच्या पुस्तकात रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं उपरी ठरतात आणि दोन परके रानाचे वारस. रूनीच्या माणसांची बाजू एवढीच आहे की शिकारीचं रान त्यांच्या हातून गेलं आणि पोटाला चिमटा बसला. ही बाजू पुस्तकात ओझरती येते, पण येते.

इथेच मला आबेलकडे परत जावंसं वाटतं. तो जे बोलतो ते लेखकाचं मत, असं धरून चाललं तर पुस्तक सडलेलं आहे. पण घटना आबेलच्या बोलण्याशी जुळत नाहीत. ज्यांना तो रानटी म्हणतो त्यांनी त्याला महिनोन्‌महिने पोसलं. क्वा-कोने त्याला फुंकनळी चालवायला शिकवलं, ते त्याच्या हातून रीमाला मारवण्यासाठी. त्या डावाचा आबेलला संताप येतो, आणि पुढे तो स्वतः मानागाच्या हातून माणसं मारवतो. एकाने एका मुलीला मारलं, दुसऱ्याने अख्खी वस्ती. म्हातारी क्ला-क्ला मेलेली दिसते तेव्हा आबेलच्या सुसंस्कृतपणाचा मुलामा उतरतो. हडसनला हे दिसत नव्हतं असं मी मानायला तयार नाही. नाहीतर म्हातारीचं प्रेत त्याने तिथे ठेवलंच नसतं. तरीही शेवटी आबेलला जी शांती मिळते, स्वतःला माफ करण्याचा जो मार्ग सापडतो, तो लेखकाने फार स्वस्तात दिला आहे. मेलेल्यांपैकी कुणीच ती माफी दिलेली नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या वाचकांनी हडसनला आपलं मानलं ते बहुतेक त्याच्या पंपासच्या आठवणींमुळे. अर्जेंटिनात त्याचं नाव गियेर्मो एन्रिके हडसन, त्याच्या जन्मस्थानी स्मारक आहे, आणि बोर्हेसने गौरव केला तो 'द पर्पल लँड' या त्याच्या वेगळ्याच पुस्तकाचा. जंगलाच्या बाबतीत तिकडच्या वाचकांकडे पुढे स्वतःच्या कादंबऱ्या आल्या. कोलंबियाच्या होसे एउस्तासियो रिव्हेराची 'ला व्होराखिने' १९२४ची, व्हेनेझुएलाच्या रोमुलो गायेगोसची 'कानाइमा' १९३५ची. त्यांच्या रानात रबराचे ठेकेदार आहेत, कर्जात बांधलेले मजूर आहेत, सोन्यामागे वेडी झालेली माणसं आहेत. त्या वाचून हडसनकडे आलं की त्याचं रान फार स्वच्छ वाटतं.

पडदा आणि चित्रकथा यांनी मात्र अडचणीचं सगळं कापून टाकलं. १९५९ साली एमजीएमने चित्रपट काढला; दिग्दर्शक मेल फेरर, रीमा म्हणून त्याची पत्नी ऑड्री हेपबर्न, आबेल म्हणून अँथनी पर्किन्स. ब्राझीलच्या व्हिला-लोबोसने त्यासाठी लिहिलेल्या संगीताची इतकी मोडतोड झाली की त्याने त्यातून 'फॉरेस्ट ऑफ द अॅमेझॉन' ही स्वतंत्र रचना उभी केली. ती टिकली, चित्रपट आपटला. वस्तीची कत्तल त्यात नाही, आणि रीमा कायमची गेली असं वाटू नये अशी शेवटी सोय केली आहे. १९७४-७५मध्ये डीसी कॉमिक्सने रीमावर सात अंकांची मालिका काढली. तिथे ती आगीतून वाचून पराक्रमी वनकन्या होते. वाचकांना तिला वाचवायचं होतं हे समजतं. पण तिला वाचवलं की आबेलचा गुन्हाही पुसला जातो, हा त्या दयेचा हिशेब कुणी मांडला नाही.

आज ही कादंबरी वाचणाऱ्यांत ढोबळ दोन तट दिसतात: भाषेसाठी आणि रानासाठी तिच्यावर जीव टाकणारे, आणि आबेलचा राग येऊन ती अर्ध्यात मिटणारे. दुसऱ्यांचा राग रास्त आहे. माझं म्हणणं इतकंच की तो राग शेवटच्या पानापर्यंत सोबत न्यावा. आबेलला कळलेलं नाही ते वाचकाला कळावं इतका पुरावा हडसनने ठेवला आहे. प्रेमकथा म्हणून हे पुस्तक जुनं आणि थोडं गोडमिट्ट झालं आहे. आपल्या प्रेमाचा दाखला देऊन खुनांचा जबाब देणाऱ्या माणसाची साक्ष म्हणून ते आजही भेदक आहे. स्वामित्वहक्काच्या मुदतीतून मोकळी झालेली ही कादंबरी प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत मिळते. वाचणार असाल तर गॉल्सवर्दीची प्रस्तावना शेवटी वाचा, आणि झाड पेटल्यावर पुस्तक मिटू नका.